डावीकडं जड जाणारी गाडी

२० जुलै, रविवार

स्टेरिंग आज पुन्हा जड गेलं. हिंगोलीहून पुसेगावापर्यंत काही नव्हतं. आमच्या गल्लीत डावीकडं वळायला गेलो आणि चाक घट्ट होऊन बसलं. दोन झटके दिले, गाडी नालीत जाता जाता राहिली. मागं ट्रॅक्टरवर बजरंग. त्यानं हॉर्न वाजवला नाही, गुमान थांबून बघत राहिला. वाजवला असता तर परवडलं असतं.

गाडी जुनी आहे, मान्य. हिंगोलीतल्या एका ओव्हरसियरकडून घेतली तेव्हाच तिनं पुष्कळ रस्ते बघितले होते. पण आमच्या गल्लीत पहिली चारचाकी माझी, ही गोष्ट कुणी विसरू नये. बजरंगचा ट्रॅक्टर त्यानंतरचा.

बजरंग म्हणजे माझा सावडकरी. एक बैल त्याचा, एक माझा, दोघं मिळून एक जोडी. पिकातली तणाची डवरणी आधी त्याची, मग माझी. दोन्ही बैल त्याच्याच गोठ्यात असतात, कारण त्याचा गोठा पक्का आहे. माझा हरण्या आता मला बघून मान हलवत नाही, त्याला बघून हलवतो. एवढं लिहून ठेवतो.

शिंप्यानं नवा सदरा बगलेत तंग शिवलाय. उजवी बाही आधी घातली तरच अंगात जातो.

२३ जुलै, बुधवार

आज उलगडा झाला असं वाटलं. पुढच्या दोन्ही टायरांत हवा कमी होती. पंपावर भरून घेतली. गाडी हलकी झाली, पण गल्लीत वळताना पुन्हा तेच.

दुसरी एक गोष्ट. ड्रायव्हरचं सीट पुढं सरकवलेलं होतं. माझे पाय लांब, मी कधी पुढं घेत नाही. मी शेतात असताना माझी गाडी कुणीतरी चालवतंय. गावात एवढे आखूड पाय असलेला आणि आमच्या घरात चावी कुठं टांगतात ते माहीत असलेला माणूस एकच आहे. स्टेरिंग कुणी बिघडवलं ते वेगळं सांगायला नको.

सीट मागं घेतलं. रागिणीला विचारलं, तर म्हणाली, "मला काय म्हाईत? तुमचं सीट, तुमची गाडी." आणि चुलीकडं तोंड करून बसली. बायको बजरंगला पाठीशी घालते, हे मला नवीन नाही. त्याच्या घरचं वरण पातळ असलं तरी हिला चांगलं लागतं.

२६ जुलै, शनिवार

हिंगोलीला उत्तमसिंगच्या गॅरेजला गेलो. उत्तमसिंग बोलतो कमी, ऐकतो जास्त. बॉनेट उघडून गाडी चालू ठेवायला सांगितली, स्टेरिंग फिरवलं तसा आतून किरकिर आवाज आला. म्हणाला, "शिवहारभाऊ, पट्टा ढिला पडलाय. पंप फिरंलच न्हाई तर पावर स्टेरिंगला जोर कुठून येणार? तेल बी काळं झालं."

पट्टा नवा टाकला, तेल बदललं, आत राहिलेली हवा काढली. मग एका बोटानं चाक फिरवून दाखवलं. मला बरं वाटलं. म्हणजे दोष होता. रागिणी म्हणत होती, "गाडीला काई झालं न्हाई, तुमीच आधी दवाखान्यात चला एकदा." बायकांना प्रत्येक गोष्टीत दवाखाना दिसतो. म्हटलं, आधी गाडीचा दवाखाना.

येताना रस्ताभर मजेत आलो. गल्लीत वळताना पुन्हा जड. पहिल्यापेक्षा जरा जास्तच. बजरंग त्याच्या ओट्यावर बसला होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिला. मी काच वर केली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

दुपारी फवारणीचा पंप बिघडला म्हणून शेतातून लवकर निघालो. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर माझी गाडी गोल गोल फिरत होती. बाभळीआड उभा राहिलो. बजरंग होता, पण डावीकडच्या सीटवर. स्टेरिंगवर रागिणी.

माझी रागिणी. जिला सायकल येत नाही. डोक्यावरचा पदर मागं पडलेला, नाकावर घाम, आणि गाडी डावीकडं वळवतेय. डावीकडं! जिथं माझ्यासाठी चाक दगड होऊन बसतं, तिथं हिच्या हातात ते जात्यासारखं फिरत होतं. एक वळण, दुसरं वळण. मग गाडी थांबली आणि ती हसली. बजरंगनं टाळी वाजवली.

माझ्यासमोर ती असं कधी हसली होती ते आठवत उभा राहिलो. आठवलं नाही, म्हणून राग आणखीनच आला.

बैल त्याचा झाला, गाडी त्याच्या ऐकण्यातली झाली. आता बायकोला वाहन शिकवणारा पण तोच.

२ ऑगस्ट, शनिवार

भांडलो. ती म्हणाली, "आमच्या बचत गटाची हळद पावडर हिंगोलीला न्यायची असती. दर टायमाला तुमी शेतातून यावं का? म्हून शिकून राहिले."

"मग मला काहून न्हाई सांगितलं? मी काय मेलो होतो?"

ती भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढून द्या."

म्हटलं, तुझा तू घे, नाहीतर तुझ्या मास्तराला बोलव. तिनं स्टूल घेतलं आणि काढला. काढताना माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काही कबूल केलं. ती फळी फार उंच ठोकलीय. सुतारानं आधीच ऐकायला हवं होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज बाबांची तिथी. पान ठेवलं, कावळा लवकर शिवला.

बाबांचं सुरुवातीला असंच झालं होतं. उजव्या हातातून तांब्या निसटायचा. म्हणायचे, तांब्याला बूड नीट नाही. मग एक दिवस सगळी उजवी बाजूच गेली आणि पुढची सगळी वर्षं बाजेवर. मी त्यांना उचलून बाहेर ओट्यावर बसवायचो. ते लोकांकडं बघायचे नाहीत, भिंतीकडं बघायचे.

हे कशासाठी लिहितोय कळत नाही. गाडीचं लिहायचं होतं. सीट आज पुन्हा पुढं होतं. मागं घेतलं.

हल्ली डाव्या कुशीवरच झोपतो. बाजेची उजवी बाजू ताठ विणलीय.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. रागिणीला सख्खा भाऊ आहे, साखऱ्याला, धडधाकट. त्याला बांधून आली. आणि आल्यावर ताटात दुसरी राखी ठेवून शेजारी गेली. बजरंगला बांधली!

लग्न झाल्यापासून "बजरंगभाऊजी" म्हणत होती, आज एकदम "भाऊ" झाला. बजरंगचे डोळे भरून आले म्हणे. त्याच्या डोळ्याला पाणी यायला काय लागतं, कांदा पुरतो.

एका परीनं बरं झालं, कारण माझ्या मनात जे नको ते येऊन गेलं होतं ते मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. पण एका परीनं वाईट. भाऊ झाला म्हणजे आता त्याला घरात यायला जायला कायमची मुभा. मनगटावर राखी घेऊन गल्लीभर हिंडत होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा उत्तमसिंग. म्हटलं, काम अर्धवट केलंस. त्याला राग येत नाही, हा त्याचा मोठा दुर्गुण.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. गाडी बंद ठेवून स्टेरिंग फिरवलं, मग चालू करून फिरवलं. खाली सरपटून एकेक सांधा हलवून बघितला. बाहेर येऊन म्हणाला, "कुठं बी अडकून न्हाई राहिलं. तुमाला उजवीकडं वळायला काई तकलीफ?"

"न्हाई."

"फकस्त डावीकडं?"

"फकस्त डावीकडं. ते बी पुरं वळवायचं म्हटलं की."

मला सीटवर बसवलं. म्हणाला, वळवा. मी उजवा हात चाकावरून वर नेत डावीकडं वळवायला लागलो आणि अर्ध्यात अडकलं. उत्तमसिंग चाकाकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "आता उजवा हात सोडून द्या. निस्त्या डाव्या हातानं खालून वढा."

ओढलं. चाक सर्रकन फिरलं.

"बघ," मी म्हणालो, "म्हणजे दोष चाकाच्या वरच्या बाजूला आहे."

उत्तमसिंग बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "शिवहारभाऊ, गाडीचं काम माझ्याकडं संपलं. पैसे नको. बजरंगभाऊला माझा नमस्कार सांगा."

बजरंगभाऊला! तरीच. बजरंगचा ट्रॅक्टरही याच्याकडंच येतो, हे दोघं आतून एक आहेत. बजरंग मागच्या महिन्यात म्हणाला होता, "गाडी तकलीफ देत असंल तर चालवू नको गड्या, माझ्याकडं लावून ठेव." लावून ठेव म्हणजे काय ते न कळण्याइतका मी बावळट नाही. गाडीत दोष नाही असं सांगायचं, मला वैताग आणायचा आणि गाडी लाटायची.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्रामपंचायतीत झेंडावंदन. सलामीला हात कपाळापर्यंत गेला नाही, छातीपाशीच राहिला. नवा सदरा शिंप्याकडून बगलेत उसवून आणला होता, तरी तंग. जुना घालून बघितला, तोही तंग. सगळे सदरे एकदम आटले की काय? यंदाच्या धुण्याच्या पावडरीत काहीतरी आहे.

बजरंग शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आपलाही हात छातीपर्यंत खाली आणला. तसाच उभा राहिला, शेवटपर्यंत. लोकांपुढं माझी नक्कल करतो. एवढा राग आला की जिलबीसुद्धा गोड लागली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

ठरवलं. गाडी विकायची. हिंगोलीच्या एका दलालाला फोन केला. पोळा झाला की तेविसाला येतो म्हणाला.

रागिणीला सांगितलं तेव्हा ती पिठाचा हात तसाच घेऊन उभी राहिली. म्हणाली, "आन मी शिकले ते?"

"बैलगाडी शीक."

चुकीचं बोललो. पण ती गाडी माझ्या हातात दगड आणि तिच्या हातात फूल, हे रोज बघत बसण्यापेक्षा दारात गाडीच नको. माझी नाही तर कुणाचीच नाही.

रात्रभर पाठ वळवून पडली होती. मला कूस बदलता येत नव्हती म्हणून मलाही तिची पाठच बघावी लागली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळणी. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला आज ऊन पाण्यानं शेकायचं, तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या पोळ्याला पुरणाचं आवतण द्यायचं. ज्याचा बैल, त्यानंच त्याचा खांदा मळायचा. सावडीत बाकी सगळं वाटून घेतलं तरी हे वाटून घेत नाहीत.

दिवस कलता बजरंगच्या गोठ्यात गेलो. त्याचा चांद्या मळून झाला होता. मी तुपाची वाटी घेऊन हरण्यापाशी गेलो. हरण्या उंच. अलीकडचा खांदा डाव्या हातानं मळला. पलीकडचा मळायला उजवा हात त्याच्या मानेवरून न्यायचा होता. हात निघेना. पुन्हा केलं. हरण्या बिचारा हलला नाही, वाट बघत राहिला.

बजरंग पुढं आला. "आण, मी मळतो."

आणि हरण्यानं त्याच्याकडं मान वळवली. माझा बैल, माझ्या हातात तूप, आणि मान त्याच्याकडं! डोक्यात तिडीक गेली. "खबरदार हात लावला तर," म्हणालो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून उजवा हात वर फेकला.

खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. वाटी सुटली. तूप-हळद शेणात. मी खाली बसलो. वाटी उजव्या हातातून पडली होती, उजव्या. मला दुसरं काही दिसेना, ती वाटीच दिसत होती आणि बाबांचा तांब्या.

बजरंग शेजारी उकिडवा बसला. "शिवहार, स्टेरिंग न्हाई रे लेका. तुझा खांदा धरलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"वहिनीनं. उन्हाळ्यातच. झोपंत कण्हतोस म्हणाली. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतोस. म्हणाली, त्यायला सांगू नका, बापासारखं होऊन राहिलं असं वाटंल त्यायला."

उन्हाळ्यापासून! माझा खांदा, आणि आधी कळलं याला.

रागिणी ऊन पाण्याची कळशी घेऊन आली होती. दारातच थांबली. मी तिला विचारलं. एवढे दिवस जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "बाबांसारखं होऊन राहिलंय का ग?"

तिनं कळशी ठेवली, समोर बसली आणि आपली बोटं माझ्या उजव्या मुठीत दिली. "आवळा."

आवळली.

"आणखी जोरात." मी आवळली तशी तिच्या तोंडातून "आई" निघालं. बोटं सोडवून घेत म्हणाली, "बाबांच्या मुठीत तांब्या टिकत नव्हता. तुमची मूठ बघा. वाटी पडली ती दुखून पडली. मी रोज रात्री तुमी झोपल्यावर तुमच्या हातात बोट देऊन बघते. रोज तुमी आवळून धरता."

बजरंगनं हरण्याला सोडलं आणि पाण्याला म्हणून बाहेर नेलं. गोठ्यातली टाकी काठोकाठ भरलेली होती.

रागिणीनं माझा सदरा काढला. आधी डावी बाही, मग हळूच उजवी. ऊन पाण्यात फडकं बुडवून शेकलं. वाटीच्या तळाशी तूप-हळद राहिली होती ती बोटानं निपटून माझ्या खांद्याला लावली आणि चोळायला लागली, बैलाला चोळतात तशी, मानेकडून खाली. मी विचारलं, गाडी शिकायचीच होती तर माझ्याकडून का नाही शिकलीस?

"तुमी विचारलं असतं, आत्ताच काहून शिकायची? मंग मी काय सांगणार होते?"

ती माझ्या कानाशी वाकली आणि बैलाला म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आधी मी हसलो. मग हसू राहिलं नाही. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि सगळी हळद गालाला लागली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. वेशीतून दोन्ही बैल बजरंगनं नेले. मी हरण्याच्या पाठीवर डावा हात ठेवून चाललो. हरण्या बजरंगच्या मागं गुमान चालत होता. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, आजही वाटलं. पण तोरणाखाली गर्दीत बजरंग सारखा माझ्या उजव्या अंगाला येऊन उभा राहत होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. झेंडावंदनाचं तेव्हा आठवलं. त्या दिवशी त्यानंही हात छातीशी धरला होता, मी एकटा दिसू नये म्हणून. नक्कल नव्हती ती.

संध्याकाळी त्याला घरी जेवायला बोलावलं. दोन पोळ्या त्याला जास्त वाढल्या. म्हटलं, खा. उन्हाळ्यापासून तोंड बंद ठेवलंस, आता उघड.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दलाल आला. गाडी फिरवून आणली. म्हणाला, "स्टेरिंग तर एकदम हलकं हाय. दोष काय म्हणत होता तुमी?"

"दोष ड्रायव्हरात हाय. गाडी विकायची न्हाई."

मग हिंगोलीला डॉक्टरांकडं गेलो. गाडी रागिणीनं नेली. मी डावीकडच्या सीटवर. ती एवढी हळू चालवते की एक म्हैससुद्धा आमच्या पुढं गेली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

डॉक्टरांनी हात वर केला, मागं नेला, रक्त तपासलं. खांदा आखडलाय म्हणाले. साखर वाढलेली असली की असं होतं. लकवा नाही. गोळ्या, व्यायाम, पथ्य. सुटायला वेळ लागेल, पण सुटेल. तोवर गाडी चालवायची नाही. मी विचारलं, खात्रीनं लकवा नाही? ते म्हणाले, नाही. रागिणीनं पुन्हा विचारलं, मग मी पुन्हा. तिसऱ्यांदा विचारल्यावर डॉक्टर हसले.

भिंतीला बोटं लावून रोज हात थोडा थोडा वर चढवत न्यायचा. बजरंग म्हणतोय, तो रोज येऊन करून घेईल. राखीबंद भाऊ आहे ना, येणारच.

येताना गल्लीत डावीकडं वळायचं होतं. मी दम धरून बसलो. रागिणीनं चाक फिरवलं, गाडी वळली, घर आलं. ती उतरून आत गेली. चावी गाडीलाच होती. मी चावी काढायला ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. गुडघे स्टेरिंगला टेकले, सीट तिच्या मापावर पुढं होतं. सवयीनं हात सीटखालच्या दांडीवर गेला.

तसाच काढून घेतला. सीट आहे तिथंच राहू दिलं.